पोहोचलास की कळव

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) वाचकांची होती आणि त्यांतली बहुतेक मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातून आली होती. घरी कसे सांगावे, हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा कमी जणांनी विचारला. सोबत कुठे शोधावी, मैत्रीचे आणि प्रेमाचे काय नाते लावावे, हे मात्र जवळजवळ प्रत्येकाने विचारले. म्हणून या वेळचे सदर त्याच पत्रांसाठी ठेवले आहे. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला किंवा बदलला आहे.

*

मी सत्तावीस वर्षांचा असून मूळचा लातूर जिल्ह्यातला आहे. चार वर्षांपासून हिंजवडीत नोकरी करतो आणि वाकडला तिघा मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहतो. त्यांना माझ्याविषयी माहीत नाही. डेटिंग ॲपवरून आजवर चाळीस-पन्नास जणांना भेटलो असेन. बोलणे छान होते, भेट होते आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर समोरच्याने ब्लॉक केलेले असते. मीही दोघा-तिघांशी तसाच वागलो आहे, हे कबूल करतो. मला टाइमपास नको आहे. रविवारी सकाळी ज्याच्याबरोबर भाजी आणायला जाता येईल, असे कोणीतरी हवे आहे. माझ्यातच काही कमी आहे का?

तुमच्यात काही कमी नाही. हे तुम्हाला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. अशी पत्रे मी बरीच वर्षे वाचतो आहे आणि त्यांत दिसणारी गोष्ट इतकी सारखी आहे की ती एकेका माणसाच्या स्वभावातून येत असेल, असे मला वाटत नाही.

ज्या ॲपवर तुम्ही माणसे शोधता, ते अंतर मोजून माणसे दाखवते. कोणी तीनशे मीटरवर, कोणी दोन किलोमीटरवर. बहुतेकांच्या छायाचित्रात चेहरा नसतो. मानेपासून खालचा भाग असतो, नाहीतर मावळता सूर्य असतो, नाहीतर बुलेटची टाकी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्याला ‘प्लेस आहे का?’ हा प्रश्न येतो. या प्रश्नाला लोक नावे ठेवतात, परंतु पुण्यामुंबईत कॉट बेसिसवर किंवा चौघांत मिळून राहणाऱ्या मुलाला तो पडणे अगदी साहजिक आहे, कारण त्याच्यापाशी दार लावून घेता येईल अशी खोलीच नसते. रूममेट शनिवारी गावी गेला की दोन दिवस खोली मिळते. मग भेट त्या खोलीपुरती ठरते, खोलीत सुरू होते आणि खोलीचे दार उघडले की संपते. भाजी आणायला जाण्याची इच्छा तिथे दोघांच्याही मनात असू शकते, पण ती बोलून दाखवायला जागा नसते आणि वेळही नसतो.

ब्लॉक करण्यामागे, मला वाटते, तिटकाऱ्यापेक्षा भीती अधिक असते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे सांगितले, त्या दिवसापासून पोलिसांचे भय बरेच ओसरले. परंतु गावाकडून येणारा ‘कधी येतोस, पाहुणे येणार आहेत’ हा फोन त्या निकालाने थांबलेला नाही. ज्याने काल तुम्हाला आपला चेहरा दाखवला, तो आज सकाळी जागा होतो तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार येतो की, माझा चेहरा आता कोणातरी अनोळखी माणसाला ठाऊक झाला आहे. तो तुम्हाला पुसून टाकतो आणि त्याला सुटल्यासारखे वाटते. तुम्ही ज्या दोघा-तिघांशी तसे वागलात, त्यांच्या वेळी तुमच्या मनात काय होते, हे आठवून पाहावे. त्यांच्यातच काही कमी होते, म्हणून तुम्ही तसे केलेत का?

आता तुमच्याच घरातल्या एखाद्या लग्नाकडे पाहा. तुमच्या बहिणीचे स्थळ आणले ते मामाने. मुलाची चौकशी केली ती त्याच गावात दिलेल्या आत्याने. कांदेपोह्यांच्या वेळी मैत्रीण शेजारी बसली होती आणि बोलणी फिसकटली असती तर घरातली चार माणसे रात्री उशिरापर्यंत तिच्याजवळ बसली असती. त्या साऱ्या व्यवस्थेत जाच आहे, जात आहे, हुंडा आहे, हे मी विसरलेलो नाही. पण एक गोष्ट त्यात आहे आणि तुमच्या वाट्याला ती आलेली नाही: तिचे काय चालले आहे, हे कोणाला तरी ठाऊक होते. तुम्ही मात्र स्वतःच मध्यस्थ, स्वतःच चौकशी करणारे, स्वतःच समजूत घालणारे. पन्नास वेळा आशा लावली आणि पन्नास वेळा ती मोडली, तरी वाकडच्या त्या फ्लॅटमध्ये तुमच्या पलीकडच्या कॉटवर झोपणाऱ्या मुलाला त्यांतल्या एकाही रात्रीची खबर नाही. माणूस थकतो तो यानेच थकतो, असे माझे मत आहे.

म्हणून मी तुम्हाला काही महिने जोडीदार शोधणे बाजूला ठेवून मित्र शोधायला सांगणार आहे. हा सल्ला तुम्हाला हुलकावणी दिल्यासारखा वाटेल, मलाही एकेकाळी वाटला होता.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मी पहिल्यांदा सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या जुन्या महापालिका इमारतीतील, समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टच्या केंद्रात गेलो. १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचे नियतकालिक सुरू करणारे अशोक राव कवी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये ही संस्था उभी केली होती, एवढे मला ऐकून माहीत होते. जिन्याखाली उभा राहून मी दोनदा चपलेचा पट्टा नीट केला. पट्टा ठीकच होता, कोणी ओळखीचे पाहत नाही ना, हे मला बघायचे होते. वर गेल्यावर मी दाराजवळची खुर्ची धरली आणि बॅग मांडीवरच ठेवली, म्हणजे उठून जायला सोपे. एका वयस्क गृहस्थांनी माझ्यापुढे चहाचा ग्लास ठेवला आणि विचारले, ‘कुठून आलात?’ मी म्हटले, ‘डोंबिवली.’ ते म्हणाले, ‘मग दादरला साडेनऊची फास्ट मिळेल. तोवर बसा.’ एवढेच. मला कोणी काही विचारले नाही, कोणी माझ्याकडे मापे घेत पाहिले नाही. त्या खोलीत पुढच्या वर्षभरात मला दोन मित्र मिळाले आणि आजही ते आहेत. त्यांच्यापैकी कोणाशीही माझे प्रेम जुळले नाही. ज्याच्याबरोबर मी आज राहतो, तो मला सात वर्षांनी भेटला, त्या मित्रांपैकी एकाच्या घरी, गणपतीत, मोदकांचे ताट इकडून तिकडे नेताना. आमची ओळख झाली तेव्हा त्या घरातल्या दहा-बारा माणसांना आम्ही दोघेही आधीच ठाऊक होतो. त्यामुळे भांडणे झाली तेव्हाही पळून जायला जागा नव्हती, आणि हे माझ्या दृष्टीने फार मोलाचे ठरले.

पुण्यात तुम्हाला हे करता येईल. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये तिथे आपल्यासारख्यांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट सुरू केला. २०११ पासून पुण्यात आपल्या लोकांची अभिमान पदयात्राही (प्राइड) निघत आली आहे. पदयात्रेत लगेच चालायची गरज नाही. पहिल्या वर्षी समोरच्या पदपथावर उभे राहून पाहणारेही पुष्कळ असतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. वाचनाचे, ट्रेकिंगचे, चित्रपट पाहण्याचे छोटे गट असतात, त्यांतल्या एखाद्यात नियमाने जात राहा. मात्र तिथे जाताना खिशात ॲप घेऊन गेल्यासारखे जाऊ नका; पहिल्याच दिवशी ‘यातला कोण?’ असे पाहत बसलात तर तिथेही तेच पन्नास चेहरे होतील. सहा महिने नुसते जा. खुर्च्या उचला, चहा सांगा, कोणाला तरी घरी सोडा.

दुसरे असे की, तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे चाळीस-पन्नास माणसांशी तुमचे बोलणे छान झाले आणि त्यांपैकी एकाचाही फोन नंबर आज तुमच्याजवळ नाही. प्रियकर म्हणून जमले नाही, म्हणून तो माणूस पूर्णपणे गेला. पुढच्या वेळी पहिली भेट अमृततुल्यात ठेवा, किंवा वेताळ टेकडीवर संध्याकाळी चालायला जा. आणि प्रेमाचे काही होणार नाही असे दोघांच्या लक्षात आले, तर तसे तोंडाने सांगा आणि नंबर ठेवा. हे अवघड आहे, कारण आपल्याला नकार द्यायला आणि घ्यायला कोणी शिकवलेले नसते. पण एकदा जमले की दुसऱ्यांदा सोपे जाते.

आणि तिघा रूममेटपैकी एकाला, ज्याच्या तोंडी तुम्ही या विषयावरचे हलके विनोद कधी ऐकले नाहीत अशा एकाला, सांगून पाहा. घाई करू नका. घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आला असेल आणि दुसरीकडे जायची सोय असेल, तर ती वेळ अधिक सोयीची. मी हे हिशेबीपणाने लिहितो आहे, कारण सांगितल्यावर राहती जागा गेली तर धैर्याचे कौतुक करणारे लोक भाडे भरायला येत नाहीत.

*

मी चौतीस वर्षांची, ठाण्यात राहते, बँकेत आहे. माझी एक सहकारी आठ वर्षांपासून माझी सर्वांत जवळची मैत्रीण आहे. डबा एकत्र, गाडी एकत्र, सुट्टीत कोकणातही एकत्र. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघी बदलापूरला एक फ्लॅट पाहून आलो होतो आणि तिने पैसे भरण्याच्या स्लिपच्या मागे आम्हा दोघींच्या पगारातून हप्ता कसा बसेल, याचा हिशेब मांडला होता. ती स्लिप अजून माझ्या पर्समध्ये आहे. आता तिने एका स्थळाला होकार दिला आहे, लग्न वैशाखात आहे. माझे तिच्यावर प्रेम आहे, हे मी तिला कधी सांगितले नाही. आता सांगावे का? आणि नाही सांगितले, तर माझ्यासारख्या बायकांनी कुठे जावे? मला तर एकही भेटलेली नाही.

तुमच्या पत्रातला तो हिशेब मी पुन्हा पुन्हा वाचला. बाकी साऱ्या गोष्टींचे, डब्याचे, गाडीचे, कोकणाचे, दोन अर्थ लागू शकतात. मैत्रिणी हे सगळे करतात. परंतु वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता दोघींच्या पगारात बसवून पाहणे ही जरा निराळी गोष्ट आहे. कदाचित ती तिच्या लेखी केवळ सोय असेल, जागेच्या किमती पाहता तेही शक्य आहे. पण याचे उत्तर तिच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही, मी तर नाहीच.

‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ या वाक्याला लग्न ठरलेल्या मुलीला हो किंवा नाही एवढेच म्हणता येते आणि दोन्हींची किंमत त्या घटकेला तिला परवडणारी नसते. म्हणून मी सुचवेन की, हे वाक्य बोलण्याआधी दुसरे दोन वळसे घ्यावेत. आधी स्वतःविषयी सांगा: मला पुरुषांविषयी तसे कधी वाटले नाही, बायकांविषयी वाटते. हे सांगण्यात तिच्याकडून काही मागणे नाही, त्यामुळे ती ते ऐकू शकेल. आठ वर्षांच्या मैत्रीत हे तिला ठाऊक नसावे, ही दोघींच्याही बाजूने अपुरी राहिलेली गोष्ट आहे. मग, त्याच दिवशी किंवा आठवड्याने, ती स्लिप काढून विचारा: ‘तू हा हिशेब केलास, तेव्हा तुझ्या मनात काय होते?’ या प्रश्नाला ती खरे उत्तर देऊ शकते, अर्धे उत्तर देऊ शकते, हसून टाळूही शकते. आणि तिन्हींतून तुम्हाला कळायचे ते कळेल. ती गप्प राहून रडली, तर पुढचे बोलणे आपोआप होईल. ती सहज म्हणाली, ‘अगं, तेव्हा भाडी केवढी वाढली होती,’ तर तुमचे प्रेम खोटे ठरत नाही, पण तिच्या लग्नाच्या आड येण्याचे कारणही उरत नाही. वैशाखाच्या आधी विचारा, एवढे मात्र आग्रहाने सांगतो. नंतर विचारलेला तोच प्रश्न तिच्या संसारावर ओझे होऊन बसेल.

हे करण्याआधी, शक्य असेल तर, एका तरी तिसऱ्या व्यक्तीला हे सारे सांगा. उत्तर काहीही आले तरी त्या संध्याकाळी तुम्हाला कोणाकडे तरी जाता आले पाहिजे. आजवर अशा प्रत्येक संध्याकाळी तुम्ही तिच्याकडेच जात होता, म्हणून हे विशेष महत्त्वाचे.

बायकांनी कुठे जावे, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर पुरुषांसाठीच्या उत्तराइतके भरघोस नाही. आपल्या शहरांत रात्री नऊनंतरचा वेळ पुरुषाचा असतो, बाईचा नसतो. ॲपवर बाईचे नाव लावून बसलेले पुरुष इतके असतात की अनेकजणी दोन दिवसांत ते काढून टाकतात. आणि दोन बायका एकत्र राहिल्या तर सोसायटीत कोणी भुवई उंचावत नाही; ‘बिचाऱ्या एकट्या आहेत, एकमेकींना सोबत’ असे म्हणतात. यामुळे घर मिळायला सोपे जाते, परंतु आपल्यासारखी दुसरी शेजारच्याच इमारतीत असली तरी ती दिसत नाही. तरीही मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ नावाने बायकांवर प्रेम करणाऱ्या काही जणी एकत्र आल्या आणि तोच गट पुढे लेबिया या नावाने काम करत राहिला. तुम्ही अगदी लहान होता, तेव्हापासून या शहरात तुमच्यासारख्या बायका एकमेकींना शोधत आहेत. समलिंगी, पारलिंगी लोकांच्या आयुष्यावरील चित्रपटांचा, २०१० पासून मुंबईत दरवर्षी होणारा कशिश चित्रपट महोत्सवही मी तुम्हाला सुचवेन, कारण तिथे तिकीट काढून बसता येते, कोणाशी बोललेच पाहिजे असे नाही, आणि मध्यंतरात चहाच्या रांगेत उभे राहिल्यावर पहिले वाक्य चित्रपटाविषयी बोलता येते.

*

मी पारलिंगी स्त्री आहे, वय सव्वीस, खारघरला राहते आणि एका कार्यालयात नोकरी करते. जे पुरुष माझ्यावर प्रेम आहे म्हणतात, ते रात्री येतात आणि दिवसा रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. मी हे किती दिवस चालवून घ्यावे?

आजपासून घेऊ नका. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तुम्ही तो हक्क, माझ्या अंदाजाने, बरीच किंमत मोजून वापरला आहे. ज्याला तुमच्याबरोबर दिवसाढवळ्या वडापावच्या गाडीवर उभे राहता येत नाही, त्याला तुम्ही रात्री दार उघडण्याचे काही देणे लागत नाही. हे लिहिणे सोपे आणि करणे अवघड, हे मी जाणतो. एकटेपणाच्या रात्री जे येते ते माणूस घेतो. म्हणून एक साधी अट घालून पाहा: पुढची भेट दुपारी, सी-वूड्स किंवा वाशी स्टेशनबाहेर, अर्ध्या तासाची. जो येईल त्याच्याविषयी पुढचा विचार करता येईल. आणि तो अर्धा तास संपला की काय झाले ते ऐकायला कार्यालयातली एखादी मैत्रीण असू द्या. तुम्ही पत्रात तिचा ओझरता उल्लेख केला आहे आणि तिच्याविषयी फार आपुलकीने लिहिले आहे.

*

मी एकसष्ट वर्षांचा, गिरगावात राहतो, विमा कंपनीतून निवृत्त झालो. चोवीस वर्षे माझा एक सोबती होता. आम्ही एका घरात कधी राहिलो नाही. तो त्याच्या भावाच्या कुटुंबात आणि मी माझ्या आईजवळ. पण रोज संध्याकाळी भेटत होतो. मागच्या वर्षी तो गेला. इस्पितळात मला विचारले, ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ मी म्हटले, मित्र. मग मला बाहेर थांबायला सांगितले. तेराव्याला त्याच्या भावाने मला ‘दादाचे मित्र’ म्हणून पंगतीत बसवले, आग्रह करून वाढले. तो चांगला माणूस आहे. मला घास गिळवेना. आजवर हे मी कोणाला सांगितलेले नाही. या वयात पुन्हा सोबत शोधणे शोभेल का?

तुमच्या सोबत्याच्या जाण्याबद्दल, काका, मी मनापासून दुःख व्यक्त करतो. वर्ष उलटून गेल्यावर हे वाक्य तुम्हाला पहिल्यांदा ऐकायला मिळत असेल, याचे मला फार वाईट वाटते.

तुम्ही दोघे भेटलात तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ पूर्ण शक्तीनिशी अस्तित्वात होते आणि त्यात जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते सैल केले, डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळले आणि २०१८ मध्ये सोडवले. या सगळ्या वर्षांत तुम्ही दोघे रोज संध्याकाळी भेटत होता. तो शब्द तुम्ही ‘मित्र’ असा वापरलात, कारण दुसरा कोणताच शब्द इस्पितळाच्या त्या टेबलावर चालला नसता. मला त्यात खोटेपणा दिसत नाही. चोवीस वर्षे रोज भेटणारा माणूस मित्र होताच. पण सुतक त्या शब्दाला मिळत नाही. रडायला, बोलायला, त्याची आठवण काढायला जे तेरा दिवस घरच्यांना मिळाले, ते तुम्हाला मिळालेले नाहीत, म्हणून दुसऱ्या सोबतीआधी ते तेरा दिवस तुम्हाला मिळायला हवेत असे मला वाटते. त्याचे नाव घेऊन, तो कसा बोलायचा, चहात साखर किती घ्यायचा, हे सगळे तुम्ही कोणाला तरी सांगायला हवे. हमसफरसारख्या संस्थांमध्ये समुपदेशक असतात, त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. आणि तो भाऊ, ज्याला तुम्ही चांगला माणूस म्हणता, त्याचाही विचार करा. चोवीस वर्षे रोज संध्याकाळी आपला दादा कोणाला भेटतो, हे त्याला काहीच उमगले नसेल? त्याने आग्रह करून वाढले, ते कदाचित काही समजूनच वाढले असेल. मी चुकत असेन. पण वर्षश्राद्धाच्या निमित्ताने त्याच्याकडे जाऊन, काही कबुली न देता, नुसत्या दादाच्या गोष्टी काढून बसता येईल.

पुन्हा सोबत शोधणे शोभते. एकसष्टाव्या वर्षी विधुराने दुसरे लग्न केले तर आपल्याकडे आता लोक ‘बरे झाले, आधार झाला’ म्हणतात. तोच न्याय तुम्हाला लागू आहे. फक्त या वेळी कागद आधी करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, त्यामुळे जोडीदाराला कायद्याने आपोआप काही मिळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की, अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी करण्यास कोणतीही आडकाठी नाही. मात्र विम्यात आयुष्य घालवलेल्या तुम्हाला मी काय सांगावे, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी इच्छापत्र करावे. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कुटुंब केवळ लग्नानेच होते असे नाही, निवडलेले कुटुंबही असते, असे म्हटले आहे. इस्पितळाच्या टेबलापर्यंत ते पोहोचायला वेळ लागेल. तोवर आपला आप्त कोण, हे सही करून लिहून ठेवलेला कागद पाकिटात असलेला बरा.

*

एका मुलाला ॲपवरून भेटलो. आता तो माझे फोटो घरी आणि कार्यालयात पाठवण्याची धमकी देऊन पैसे मागतो आहे. दोनदा दिले. काय करू?

तिसऱ्यांदा देऊ नका. दिल्याने मागणे थांबत नाही, हे तुम्ही दोनदा पाहिले आहे. त्याचे सर्व संदेश, नंबर, पैसे पाठवल्याच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि घाबरून काहीही पुसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही जा. ‘तुलाच पोलिसांत देईन’ अशी धमकी त्याने दिली असेल, तर ती पोकळ आहे: तुम्ही दोघे प्रौढ होता, संमतीने भेटलात, यात गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ उरलेलेच नाही. खंडणी मात्र कलम ३०८ खाली गुन्हा आहे आणि तो त्याने केला आहे. ठाण्यात एकटे जाऊ नका. एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता किंवा वकील बरोबर घ्या, आणि कोणीच नसेल तर विश्वासातल्या ज्या एका मित्राला हे सांगणे तुम्हाला सर्वांत जड वाटते आहे, त्याला घ्या. एकाला कळले की धमकीतला निम्मा जोर तिथेच जातो.

*

माझ्या कॉलेजपासूनच्या मित्राने गेल्या महिन्यात मला सांगितले की तो समलिंगी आहे. मी ‘काही हरकत नाही’ म्हटले, पण त्यानंतर काय बोलावे कळत नाही. त्याचे माझ्यावर तर प्रेम नसेल ना, असेही मनात येते. त्याच्याशी आता कसे वागू?

त्याचे तुमच्यावर तसे प्रेम असते, तर हे सांगताना त्याने बहुधा वेगळे शब्द वापरले असते. तुम्हाला सांगितले याचा सरळ अर्थ त्याचा तुमच्यावर विश्वास आहे. तरीही शंका राहिली, तर महिनोन् महिने मनात घोळवण्यापेक्षा एकदा मोकळेपणाने विचारून टाका. मित्र हसेल आणि तो विषय संपेल.

‘काही हरकत नाही’ हे उत्तर चांगल्या मनाने दिलेले असले, तरी ते ऐकून त्याचे बोलणे तिथेच थांबले असणार. त्याला आणखी सांगायचे असेल. तुम्ही त्याला तुमच्या लग्नाच्या बोलण्यांविषयी जितके सांगता, तितकेच त्याला विचारा: सध्या कोणी आहे का, कसा आहे, काय करतो. उत्तरे ऐकताना पहिल्यांदा थोडे अवघडल्यासारखे होईल, पण ते फार दिवस टिकत नाही. त्याला तुमच्या बायकोच्या किंवा होणाऱ्या बायकोच्या देखत जेवायला बोलवा, आणि कोणी असेल तर त्यालाही घेऊन ये म्हणावे.

आणि तो कोणाला पहिल्यांदा भेटायला निघाला, तर कुठे आणि किती वाजता ते विचारून ठेवा, आणि आपण रात्रीच्या गाडीने निघणाऱ्याला म्हणतो तसे त्याला म्हणा, पोहोचलास की कळव. त्याचा फोन येईपर्यंत जागे राहा.